शवपेटीवाल्याची मिळकत : जोझे मोजिका मारिन्स यांची कारकीर्द आणि संपत्ती (दीर्घ धागा)

१/
१९६८ च्या अखेरीस फोक्सवॅगन कंपनीने ब्राझीलच्या बाजारात चार दारांची एक नवी मोटार आणली. तिचे अधिकृत नाव नुसते ‘१६००’. आकार चौकोनी, ठोकळ्यासारखा. लोकांनी तिचे बारसे आपल्या पद्धतीने केले आणि तिला ‘झे दो काइशाव’ म्हणू लागले. अर्थ, शवपेटीवाला झे. गाडी फार काळ निघाली नाही; पण ब्राझीलमधील जुन्या मोटारींच्या शौकिनांना ती आजही याच नावाने ठाऊक आहे.

२/
ज्याच्या नावाने मोटार ओळखली जावी, तो माणूस किती श्रीमंत असेल? ब्राझीलच्या भयपटांचा आद्य पुरुष म्हणून ओळखले जाणारे दिग्दर्शक आणि नट जोझे मोजिका मारिन्स यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधताना चित्रपटाच्या अर्थकारणाचा, लष्करी राजवटीचा आणि ब्राझीलच्या चलनाचाही इतिहास चाळावा लागतो.

३/
आधी नावाविषयी. ‘झे’ हे ‘जोझे’ या पोर्तुगीज नावाचे घरगुती रूप. गोव्यात हेच नाव ‘जुझे’ म्हणून परिचयाचे आहे. ‘काइशाव’ म्हणजे शवपेटी. झे दो काइशाव हे मोजिका यांनी निर्माण केलेले आणि स्वतःच रंगवलेले पात्र. एका लहानशा गावात दफनविधीचा धंदा करणारा हा इसम काळी उंच हॅट घालतो, अंगावर काळा झगा पांघरतो. दाढी राखतो, आणि त्याची नखे कट्यारीसारखी वाढलेली असतात. देवावर त्याचा विश्वास नाही, सैतानावरही नाही. विश्वास एकाच गोष्टीवर: रक्ताचे सातत्य. आपल्याला निर्दोष पुत्र देईल अशी ‘परिपूर्ण’ स्त्री तो शोधत असतो आणि त्या शोधाच्या आड येईल त्याला मारतो.

४/
पात्राचा निर्माता आणि पात्र एकाच नावाचे. जोझे तोही झे, आणि पडद्यावरचाही झे. सामान्य प्रेक्षकाने दोघांत फरक केला नाही. या गल्लतीने मोजिका यांना कीर्ती दिली आणि पुढे त्यांचा पिच्छाही पुरवला.

५/
मोजिका यांचा जन्म साओ पाउलो शहरात १३ मार्च १९३६ रोजी झाला. त्या दिवशी शुक्रवार होता. पुढे प्रसिद्धीसाठी एखाद्याने रचून सांगावी अशी ही तारीख, पण ती खरी आहे. पंचांग तपासून पाहता येते. कुटुंब स्पॅनिश वंशाचे. वडील शहराच्या विला अनास्तासियो या कामकरी वस्तीत एका चित्रपटगृहाची व्यवस्था पाहत आणि कुटुंबाचे वास्तव्यही तेथेच होते. मुलाचे बालपण पडद्याच्या सावलीत गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास हाती कॅमेरा आला आणि औपचारिक शिक्षण मागे पडले.

६/
येथे एक सामाजिक तपशील ध्यानात ठेवावा. ब्राझीलमध्ये त्याच सुमारास ‘सिनेमा नोवो’ नावाची चळवळ आकार घेत होती. तिचे बहुतेक दिग्दर्शक सुशिक्षित मध्यमवर्गातले, युरोपातील चित्रपट व राजकीय सिद्धांत वाचून आलेले. मोजिका यांच्याजवळ यातले काहीच नव्हते. त्यांची पोर्तुगीज कामकऱ्यांच्या वस्तीतली होती. गंमत अशी की पहिल्या ‘झे’ चित्रपटात पात्राच्या मुखातून येणारा भारदस्त आवाजही त्यांचा नाही. तो दुसऱ्या कलावंताकडून ध्वनिमुद्रित करवून घेतला आहे. ज्याला लोक झे म्हणून ओळखत होते, त्याची देहयष्टी मोजिका यांची होती आणि वाणी उसनी.

७/
पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९५८ चा, ‘आ सीना दो आव्हेंतुरेइरो’, म्हणजे ‘साहसवीराचे प्राक्तन’. हा वेस्टर्न धाटणीचा होता. १९६३ साली एक कौटुंबिक शोकपट आला. दोहोंनीही आर्थिक घडी बसली नाही. या काळात मोजिका एक अभिनयशाळा चालवीत. साओ पाउलोच्या ब्रास भागात एका ओस पडलेल्या सिनेगॉगमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. शाळेतले विद्यार्थी हेच नट, हेच हमाल आणि पुष्कळदा हेच भांडवलदारही, कारण चित्रपटाचे लहानलहान हिस्से त्यांच्यातच विकले जात. बँक ज्या धंद्याकडे ढुंकून पाहत नाही, तेथे भांडवल असे गोळा होते.

८/
पुढचा प्रसंग मोजिका यांनी आयुष्यभर सांगितला. १९६३ च्या ऑक्टोबरात त्यांना स्वप्न पडले: काळ्या वेषातील एक पुरुष त्यांना फरफटत कबरीकडे नेत आहे, कबरीच्या दगडावर त्यांचेच नाव आहे, आणि ओढणाऱ्याचा चेहराही त्यांचाच आहे. हाती असलेला दुसरा बेत त्यांनी टाकून दिला आणि या स्वप्नावर चित्रपट करायचे ठरवले. भूमिकेसाठी मनाजोगता नट मिळेना, तेव्हा झगा स्वतःच चढवला.

९/
चित्रपटाचे नाव ‘आ मेइया-नोइते लेव्हारेइ सुआ आल्मा’, म्हणजे ‘मध्यरात्री मी तुझा आत्मा घेऊन जाईन’. पैसा इतका तुटपुंजा की अख्खे जंगल आणि स्मशान स्टुडिओच्या चार भिंतींत उभे केले. भूतांभोवतीचे तेज दाखवायला यंत्रे नव्हती. तेव्हा फिल्मच्या पट्टीवर चमकी चिकटवण्यात आली. पडद्यावर ते तेज थरथरते आणि आजही अंगावर काटा आणते. संगणकाने काढलेली अनेक भुते त्यापुढे फिकी वाटतात.

१०/
चित्रपटातील एक दृश्य ब्राझीलच्या प्रेक्षकाला भुतांहून भयंकर वाटले. गुड फ्रायडेचा दिवस आहे. रस्त्याने धार्मिक मिरवणूक चालली आहे. कॅथलिक घरात त्या दिवशी मांस वर्ज्य. झे खिडकीत बसतो, मिरवणुकीकडे पाहतो, आणि चवीने मांस खात हसतो. आषाढी एकादशीला दिंडी दारावरून जात असताना कुणी ओसरीवर बसून असेच केले तर काय होईल, याची कल्पना केल्यास त्या दृश्याची धग ध्यानी येईल.

११/
नोव्हेंबर १९६४ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि तिकीटखिडकीवर रांगा लागल्या. येथे या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा आर्थिक प्रसंग येतो. चित्रपट पूर्ण होईपर्यंत मोजिका कर्जात बुडाले होते. देणी भागवण्यासाठी त्यांनी आपला हिस्सा प्रदर्शनाआधीच अल्प रकमेला विकून टाकला होता. रांगा लागल्या त्या दुसऱ्याच्या मालकीच्या चित्रपटासाठी.

१२/
हा व्यवहार मूर्खपणाचा होता असे आज सहज म्हणता येते. ते अन्यायाचे ठरेल. चित्रपटाच्या गल्ल्यातून पहिला वाटा चित्रपटगृहवाला उचलतो, त्यानंतर वितरक, प्रसिद्धीचा खर्च, प्रतींचा खर्च. निर्मात्याचा हिस्सा सर्वांत शेवटी आणि बऱ्याच महिन्यांनी येतो. सावकार तोवर थांबत नाही. ज्याच्याजवळ थांबण्याची ऐपत आहे, त्यालाच चित्रपटाचा नफा मिळतो. शेतमालाच्या बाजाराची ज्याला माहिती आहे त्याला हे समजावून सांगायला नको: कर्जबाजारी शेतकऱ्याचे पीक खळ्यावरूनच उचलले जाते आणि भाव नंतर चढतो.

१३/
मोजिका यांनी चित्रपट गमावला, पण पात्र गमावले नाही. चित्रपटाचा हक्क जमिनीसारखा असतो; एकदा हाती असला की वर्षानुवर्षे खंड येत राहतो. पात्र हे नांगरासारखे. ते चालवावे तेव्हाच दाणा मिळतो. मोजिका यांची जमीन गेली आणि नांगर हाती राहिला. पुढची चाळीस वर्षे ते हा नांगर खांद्यावर टाकून एका निर्मात्याच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात जात राहिले.

१४/
अमेरिकेतील एक उदाहरण शेजारी ठेवण्याजोगे आहे. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’साठी युनिव्हर्सल कंपनीने बेला लुगोसी यांना आठवड्याला ५०० डॉलर या दराने सात आठवड्यांचे काम दिले. पुढे त्यांच्या चेहऱ्याचे मुखवटे, खेळणी, चित्रे विकली गेली. लुगोसी १९५६ साली वारले. या विक्रीत हिस्सा मिळावा म्हणून त्यांच्या वारसांनी दावा लावला. १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल वारसांच्या विरोधात दिला: चेहऱ्याचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क त्या व्यक्तीने हयातीत बजावला नसेल, तर तो वारसाने मिळत नाही. कायदा बदलला, पण तो १९८५ पासून. भयपटाच्या नटाचा चेहरा कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न हॉलिवूडच्या मध्यावरही इतका उशिरा सुटला. साओ पाउलोच्या ब्रास भागात तो कुणी विचारण्याची शक्यताच नव्हती.

१५/
१९६७ साली दुसरा भाग आला: ‘एस्ता नोइते एंकार्नारेइ नो तेउ काडाव्हेर’, म्हणजे ‘आज रात्री मी तुझ्या प्रेतात अवतरेन’. नट्यांच्या अंगावर सोडलेले मोठमोठे कोळी खरे होते. अभिनयशाळेत विद्यार्थ्यांच्या धैर्याची परीक्षाही असल्याच जिवंत प्राण्यांनी घेतली जाई. आजच्या दृष्टीने हे समर्थनीय नाही, आणि त्याला ‘कलेसाठी त्याग’ म्हणून गौरवण्याचेही कारण नाही. कृष्णधवल चित्रपटात नरकाचे दृश्य मात्र अचानक रंगीत होते, आणि तो नरक बर्फाळ आहे. ब्राझीलच्या उकाड्यातल्या माणसाने नरक गोठलेला कल्पावा, यातच त्यांच्या प्रतिभेची जात दिसते.

१६/
चित्रपट जोरात चालला. परंतु देशात १ एप्रिल १९६४ पासून लष्कराची सत्ता आली होती. शेवटच्या दृश्यात झे दलदलीत बुडतो, चहूबाजूंनी सांगाडे वर येतात. मूळ कल्पनेप्रमाणे तो नास्तिक म्हणूनच बुडायचा होता. सेन्सॉरने ते चालू दिले नाही. मरणाऱ्या झेने देवाचे अस्तित्व मान्य करून क्रूसाची याचना केली पाहिजे, अशी सक्ती झाली. तोंडी घातलेल्या त्या चार वाक्यांनी सबंध पात्राचा कणा मोडला. मोजिका ही गोष्ट विसरले नाहीत. तिचा हिशेब त्यांनी एक्केचाळीस वर्षांनी चुकता केला. त्याकडे पुढे येऊ.

१७/
१९६७ ते १९६९ ही तीन वर्षे झेच्या भरभराटीची. बांदेइरांतेस दूरचित्रवाणीवर भयकथांची मालिका. १९६८ मध्ये ‘झे दो काइशावचे विचित्र जग’ हा तीन कथांचा चित्रपट. त्याच साली दोन नामवंत दिग्दर्शकांच्या जोडीने केलेला ‘त्रिलोजिया दे तेर्रोर’. १९६९ मध्ये चित्रकथांची मासिके. या बहुतेक कामांत लेखणी रुबेन्स फ्रान्सिस्को लुकेत्ती यांची. लुकेत्ती हे स्वस्त रहस्यकथांचे अफाट लिहिणारे लेखक होते. प्रारंभी सांगितलेल्या मोटारीला नाव पडले ते याच दिवसांत. ग्लाउबेर रोशा यांच्यासारखा सिनेमा नोवोचा म्होरक्याही मोजिका यांची उघड स्तुती करी.

१८/
मग १३ डिसेंबर १९६८ उजाडला. याही दिवशी शुक्रवार होता. लष्करी सरकारने ‘संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५’ जारी केला. संसद बंद झाली, नागरी हक्क गोठले, सेन्सॉरच्या कात्रीला धार आली. मोजिका यांनी त्यानंतर जो चित्रपट केला तो त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत धाडसी मानला जातो: ‘रितुआल दोस सादिकोस’, म्हणजे ‘क्रूरांचा विधी’. तो पुढे ‘पशूची जागृती’ या नावानेही ओळखला गेला.

१९/
यात एक मनोविकारतज्ज्ञ चार व्यसनी माणसांवर एलएसडीचा प्रयोग करतो. त्यांना भास होतात ते झे दो काइशावचे. तोवर कृष्णधवल असलेला पडदा येथे रंगांनी पेटतो. चर्चेसाठी बोलावलेले तज्ज्ञ विचारतात: समाज बिघडवतो आहे तो हा चित्रपटवालाच ना? मोजिका स्वतः, मोजिका म्हणूनच, त्या चर्चेत बसलेले दिसतात. अखेरीस उलगडा होतो की चौघांना टोचलेले द्रव्य निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी होते. विकृती औषधात नव्हती, झेमध्येही नव्हती. सेन्सॉरला हा निष्कर्ष पसंत पडणे शक्यच नव्हते. चित्रपटावर बंदी आली आणि ऐन उमेदीच्या वर्षांत तो चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही.

२०/
बंदीची चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या भाषेत होते आणि ते योग्यच आहे. तिची दुसरी बाजू खतावणीत दिसते. लेखकाच्या पुस्तकावर बंदी आली तर हस्तलिखित घरी राहते. चित्रपटावर बंदी आली की फिल्म, प्रयोगशाळा, कलावंत, प्रकाशयोजना या सर्वांचे बिल तसेच राहते आणि उत्पन्न शून्य होते. वितरकही शहाणा होतो. ज्याचा चित्रपट अडकण्याचा संभव आहे, त्याला तो आगाऊ रक्कम देत नाही. सेन्सॉरने एक चित्रपट अडवला, आणि त्याबरोबर मोजिका यांची बाजारातील पतही गेली. १९७० नंतरच्या त्यांच्या घसरणीचे हे मुख्य कारण आहे. दारू, गैरव्यवस्था, विक्षिप्तपणा यांच्या कहाण्या लोकांना अधिक आवडतात, एवढेच.

२१/
१९६९ मध्ये सरकारने ‘एंब्राफिल्मे’ ही चित्रपट महामंडळासारखी संस्था काढली. सत्तरच्या दशकात ती निर्मितीला आणि वितरणाला पैसा पुरवू लागली. साओ पाउलोच्या ‘बोका दो लिशो’ भागातील चित्रपटवाल्यांच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही. या नावाचा शब्दशः अर्थ ‘कचऱ्याचे तोंड’. रेल्वे स्थानकाजवळची ही वस्ती वेश्याव्यवसायासाठी कुप्रसिद्ध होती आणि तेथेच वितरकांच्या कचेऱ्याही होत्या. चित्रपटगृहांनी वर्षातील ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवलेच पाहिजेत, असा कायदा होता. तो पाळण्यासाठी स्वस्त देशी चित्रपट लागत. ते येथे तयार होत. मोजिका यांचे पोट सत्तरच्या दशकात या बाजारावर चालले. कधी विनोदी कामुकपट, कधी दुसऱ्याच्या नावावर केलेले काम.

२२/
या पडत्या काळातही दोन चित्रपट असे आहेत की त्यांच्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. १९७४ च्या ‘एक्झोर्सिस्मो नेग्रो’मध्ये जोझे मोजिका मारिन्स नावाचा दिग्दर्शक एका कुटुंबाकडे विश्रांतीला जातो आणि तेथे त्याची गाठ प्रत्यक्ष झे दो काइशावशी पडते. दोन्ही भूमिका अर्थातच त्यांच्याच. निमित्त ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या जगभर उसळलेल्या लाटेचे; पण कथा मात्र आपल्याच पात्राने गिळत आणलेल्या माणसाची.

२३/
दुसरा १९७८ चा ‘डेलिरियोस दे उम आनोर्माल’. यातील बराच मोठा भाग जुन्या चित्रपटांतील तुकड्यांचा आहे. त्यांत सेन्सॉरने कापून टाकलेली दृश्येही आहेत. नवे चित्रण करायला पैसा नाही, तर कात्रीखाली पडलेला चिंध्यांचा ढीग उचलायचा आणि त्याची गोधडी शिवायची. कथेत एका मनोविकारतज्ज्ञाला झेची दुःस्वप्ने पडतात, आणि मोजिका येऊन त्याची समजूत घालतात की झे अस्तित्वात नाही, मी त्याला निर्माण केले आहे. एवढे करूनही शेवटी तेच अनिर्णित राहते.

२४/
ऐंशीच्या दशकात बोका दो लिशोचा बाजार उघड अश्लीलपटांकडे वळला. मोजिका यांनाही १९८५ मध्ये ‘२४ तास’ आणि १९८७ मध्ये ‘४८ तास’ अशा नावांचे दोन चित्रपट करावे लागले. पहिला चांगला चालला. ज्याची प्रतिभा ग्लाउबेर रोशांनी वाखाणली त्याने भाकरीसाठी हे करावे, याची हळहळ त्यांच्या चाहत्यांना आजही वाटते. मार्च १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो कोलोर यांनी एंब्राफिल्मेच बंद केली आणि ब्राझीलची चित्रपटनिर्मिती काही वर्षे जवळजवळ थांबली. तेव्हा सिनेमा नोवोचे वारसही रस्त्यावर आले. मोजिका तेथे आधीपासूनच होते.

२५/
आता त्या संपत्तीच्या आकड्याकडे. कलावंताच्या नावापुढे अमुक इतके दशलक्ष डॉलर असे लिहून टाकण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मोजिका यांच्या बाबतीत असा आकडा लिहिणे हास्यास्पद ठरेल, आणि त्याचे एक कारण चलनाचे आहे. त्यांनी पहिला झे केला तेव्हा ब्राझीलचे चलन क्रुझेरो होते. १९६७ मध्ये नवा क्रुझेरो आला, १९७० मध्ये पुन्हा नुसता क्रुझेरो, १९८६ मध्ये क्रुझादो, १९८९ मध्ये नवा क्रुझादो, १९९० मध्ये तिसऱ्यांदा क्रुझेरो, १९९३ मध्ये क्रुझेरो रेआल आणि १९९४ मध्ये आजचा रेआल.

२६/
यांतील बहुतेक बदलांत आधीच्या चलनाची तीन शून्ये उडाली. शेवटच्या बदलात तर २७५० क्रुझेरो रेआल देऊन एक रेआल मिळाला. १९९३ या एका वर्षातील भाववाढ दोन हजार टक्क्यांच्या वर होती. अशा देशात साठवलेली रोकड वितळते. टिकते ती जमीन, इमारत, आणि कलावंताच्या बाबतीत, वर्षागणिक नव्या दराने पैसे आणणारा हक्क. एकरकमी मोबदला घेणाऱ्याचे येथे दुहेरी नुकसान होते. १९६४ च्या त्या विक्रीचे खरे मोल लावायचे झाले तर ते याच हिशेबाने लावावे लागेल.

२७/
१९९३ च्या सुमारास अमेरिकेतील ‘समथिंग विअर्ड व्हिडिओ’ या संस्थेने झेचे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर काढले. पात्राला इंग्रजी नाव मिळाले: ‘कॉफिन जो’. भयपटांच्या शौकिनांत एकच खळबळ उडाली. मायदेशात मात्र झे एव्हाना मुलांना गंमत वाटावी असा बुवा झाला होता. १९९६-९७ मध्ये बांदेइरांतेस वाहिनीवर दुपारी जुने भयपट दाखवणाऱ्या ‘सिने ट्रॅश’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन मोजिका करीत आणि प्रेक्षकांना लांबलचक शिव्याशाप देत. ब्राझीलमध्ये नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीला झे ठाऊक आहे तो या शापांमुळे. चित्रपट त्यांपैकी पुष्कळांनी पाहिलेले नाहीत.

२८/
१९९८ मध्ये आंद्रे बार्सिन्स्की आणि इव्हान फिनोत्ती या पत्रकारांनी ‘माल्दितो’, म्हणजे ‘शापित’, हे चरित्र लिहिले. त्यांच्याच माहितीपटाला २००१ च्या सनडान्स महोत्सवात ज्युरींची खास दाद मिळाली. चरित्र आणि माहितीपट आले आणि वयाच्या साठीनंतर मोजिका यांची पुन्हा गांभीर्याने दखल घेतली जाऊ लागली. साठच्या दशकात लिहून ठेवलेल्या तिसऱ्या भागाला अखेर निर्माता मिळाला.

२९/
‘एंकार्नासाव दो देमोनियो’ २००८ मध्ये आला. झे चाळीस वर्षे कैदेत राहून बाहेर पडतो आणि त्याला जुन्या खेड्याच्या जागी महानगर दिसते. पूर्वकथेसाठी तरुण झेच्या भूमिकेत रेमंड कॅसल या अमेरिकन चाहत्याला घेतले, कारण तो तरुण मोजिकांसारखा विलक्षण दिसे. हे तुकडे मुद्दाम कृष्णधवल चित्रित केले, जुन्या चित्रपटाला जोडून पाहता यावेत असे. त्यांत १९६७ चे दलदलीचे दृश्य पुन्हा येते. या वेळी झे कुणाची क्षमा मागत नाही.

३०/
व्हेनिस महोत्सवात चित्रपट स्पर्धेबाहेर दाखवला गेला. पाउलिनिया महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटासह अनेक पारितोषिके मिळाली. समीक्षकांनी गौरव केला. तिकीटखिडकीवर मात्र तो आपटला. १९६४ मध्ये प्रेक्षक होते आणि चित्रपट त्यांचा नव्हता. २००८ मध्ये चित्रपट त्यांच्या मनासारखा होता आणि प्रेक्षक नव्हते.

३१/
त्यानंतर कानाल ब्राझील वाहिनीवर मुलाखतींचा कार्यक्रम, महोत्सवांत सत्कार, तरुण दिग्दर्शकांच्या चित्रपटांत छोट्या भूमिका. २०१५ मध्ये त्यांच्या जीवनावर दूरचित्रवाणी मालिका झाली. मातेउस नाख्तेरगाएले या नामांकित नटाने मोजिका साकारले. जवळजवळ आयुष्यभर झेचा झगा स्वतःच वागवणाऱ्या माणसाला स्वतःचे आयुष्य मात्र दुसऱ्याच्या अंगावर पाहावे लागले.

३२/
जोझे मोजिका मारिन्स १९ फेब्रुवारी २०२० रोजी साओ पाउलोमध्ये न्यूमोनियाने वारले. वय ८३. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी मृत्युलेख छापले. बहुतेकांच्या मथळ्यात नाव पात्राचे होते. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधील ‘ॲरो’ कंपनीने त्यांच्या चित्रपटांचा स्वच्छ करून सजवलेला भारी संच विक्रीला काढला. बंदी आलेला ‘रितुआल’ त्यात आहे, चिंध्यांची ती गोधडीही आहे. मुखपृष्ठावर नाव: कॉफिन जो.